नरखेडच्या बागेत माझी पाठ केलेली वचनं संपली

नागपूरच्या मनीषनगरहून नरखेडकडे निघाले ती संत्री खायला नाही, नणंदेला समजवायला. सुशीलाच्या हृदयाची झडप बिघडली आहे. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, आणि बाई हो म्हणत नाही. तिचा मुलगा प्रकाश फोनवर म्हणाला, "मामी, तुले बायबलची एवढी वचनं पाठ हायेत. तूच सांग तिले." खरंच होतं. मी चौथी शिकलेली, पण चर्चच्या शास्त्र-परीक्षेत पाच वर्षं पहिली. पाळकसाहेब अडले तर माझ्याकडे बघतात.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. कळमेश्वरपर्यंत ट्रक आणि धूळ, काटोल आलं की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. काटोलला गाडी जरा थांबते. तर्री-पोहे खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर दिवसभर छाती जळेल. नरखेडहून गावापर्यंत प्रकाशची मोटारसायकल. रस्ता असा, की कमरेची सगळी हाडं शाबूत आहेत का ते उतरल्यावर चाचपावं लागतं.

बाग पाहून मी प्रकाशला झापलं. पानं मलूल, जमीन भेगाळलेली. "विहिरीत पाणी असून झाडं मारून राहिला काहून?"

"मारत नाही मामी, ताण देऊन राहिलो. पाणी तोडलं की झाड बहार धरते. सोडायचं कवा, ते आई ठरवते. रोज हात लावून पाहते."

संध्याकाळी भाकर आणि वांग्याचं भरीत झालं आणि मी सुरू झाले. धीराची वचनं, आजारपणाची वचनं, कुठलं कितव्या अध्यायातलं तेही. सुशीलाने सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही म्हटलंच नाही वं वहिनी. देवाले इचारून राहिली. उत्तर नाही आलं."

"डॉक्टरचं आलं ना?"

"डॉक्टरले मी दोनदा पाहिलं. याच्यासंगं चाळीस वर्षं बोलून राहिली."

सकाळी तिच्या मागे बागेत गेले. ती पानं चिमटीत धरत चालली होती आणि बोलत होती. "काल दिवसभर लई दम लागला. तू पाहून राहिला होता ना?" कोणाशी बोलते म्हणून मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग कळलं. देव आहे हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. तो इथे, दोन झाडांच्या मधे, तिचं ऐकत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"आता तू बोल," ती म्हणाली.

मी हात जोडून चर्चमधली प्रार्थना सुरू केली.

"हे त्याले ठाऊक हाय. तुयं सांग."

जिला अख्खी गल्ली भिते ती माझी जीभ अडकली. जोडलेले हात सोडले आणि म्हणाले, "माझा माणूस नेलास तेव्हापासून मी तुझ्याशी बोलले नाही. नुसतं पाठ म्हणत राहिले. आता हिला नेऊ नकोस. मला भीती वाटते." चर्चमध्ये शेजारणीने असं म्हटलं असतं तर मी तिला कोपर मारलं असतं.

मग बागेत असं शांत झालं, की पायातली चप्पल काढून ठेवावीशी वाटली. ठेवलीच. कोणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

सुशीलाने हाक मारली, "प्रकाश, मोटर चालू कर." पाणी आळ्यांत शिरलं, भेगांतून खाली गेलं. "वहिनी, मायी लुगडी भर. येतो मी नागपूरले."

"उत्तर आलं?"

"मी गेली तर तुयं कोण, हेच इचारून राहिली होती. तू त्याच्यासंगं अबोला धरून होती, मले मालूम होतं. आज बोलली."

मी लुगडी भरली. डोळे पुसायला तिचं एक जुनं लुगडं खराब केलं, तेवढीच चूक.

परतताना प्रकाशने गाडी केली. आता सुशीला माझ्या पुढच्या खोलीत झोपली आहे, ऑपरेशन परवा. शास्त्र-परीक्षेला मी यंदाही नाव दिलंय आणि पहिली येईनच. पण सकाळी चहा ठेवताना मी देवाला म्हटलं, मला अजून भीती वाटते. उत्तर आलं नाही. चहा उकळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि एकटी नव्हते.