बिसखोपडीचं पिल्लू

पालबापू आधी मारायचे आणि मग विचारायचे. आमच्या कोरीट गावच्या गल्लीत कुणी पालीवर चप्पल उगारली, की त्याच्या पाठीत बापूंची काठी बसलीच म्हणून समजा. पाहुणा असो, जावई असो, बापूंना सगळे सारखे. एकदा त्यांनी स्वतःच्या साडूचं मनगट मोडलं, कारण त्याने चुलीमागची पाल पायाखाली चिरडली. "जो तिले मारी, त्याले मी मारसू," एवढंच बोलले, आणि हाडवैद्याला बोलवायलाही स्वतःच गेले. बापू माझे चुलते. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या शिव्या ऐकतच मी मोठी झाले.

तेव्हा आमचा तालुका पश्चिम खानदेशात मोडायचा. रानात एक जाड शेपटीची, ठिपक्याठिपक्यांची पाल असते, तिला आम्ही बिसखोपडी म्हणायचो. ती चावली तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही, अशी सगळ्यांची खात्री. उपाय एकच, तापवलेल्या विळ्याचा डाग. माझ्या जन्माआधी बापूंच्या एकुलत्या एका पोराला खळ्यात बिसखोपडीचं पिल्लू चावलं. भावकीतल्या दगडूबाबांनी त्याच्या पोटावर आणि तळपायांवर डाग दिले. पोराचे पाय बापूंनीच धरले होते. जखमा चिघळल्या आणि पोरगं तापात तडफडून गेलं. विष भिनलं, असं गाव म्हणालं, बापूही म्हणाले. पुढे एका सरकारी डॉक्टरने त्यांना सांगितलं, की या पालीला विष नसतंच, तुमचं पोर डागांनी गेलं. बापूंनी त्या डॉक्टरच्या थोबाडीत दिली. पण ते बोलणं काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

मग त्यांनी बिसखोपड्या पाळायला घेतल्या. ओसरीत वाळू भरलेले माठ, माठांत त्या पाली, आणि त्यांना रोज नाकतोडे. चावडीवर लोक जमले की बापू पाल बाहेर काढायचे आणि तिच्या तोंडात आपलं बोट द्यायचे. ती कचकन चावायची, रक्त यायचं. "दखा, मरनू का मी?" असं विचारून ते सगळ्यांकडे रोखून बघत. पण दगडूबाबा काही ऐकणारे नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "पाळेल पालनं ईख उतरी जास, बापू. पिल्लूनं ईख पोटमाईन येस." म्हणजे पाळलेल्या पालीचं विष उतरतं, पिल्लू मात्र विष पोटातूनच घेऊन येतं. झालं. बापूंना आता पिल्लूच हवं होतं; रानात ते हाती लागेना, म्हणून घरीच अंड्यातून निघालेलं, सगळ्या गावासमोर चावणारं.

ते काय सोपं होतं होय? पहिल्यांदा दोन नर एका माठात पडले. सकाळी बघतो तर एकाचा जबडा फाटलेला आणि तुटलेली शेपटी वाळूत पडलेली. नंतर जोडी जमली, मादीने मऊ सालीची दोन अंडी घातली, तर मुंग्यांनी ती पोखरली. पुढच्या वेळी बापूंनी अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली. कोंबडीने ती टोचून खाल्ली आणि बापूंनी तिथल्या तिथे तिची मान पिरगाळली. तेव्हा काकूने मनावर घेतलं. तिच्या कोंबड्यांची पिल्लं साऱ्या गावात नावाजलेली. "अंडं रोज फिरावनं पडस," ती म्हणाली, "नही ते पिल्लू एक अंगले चिकटी जास." अंड्यावर कोळशाची खूण करायची आणि रोज ते उलटायचं, ही तिची रीत. बापू ती इमानाने पाळू लागले. त्या माणसाचे राकट हात अंडं चिमटीत धरून हलकेच उलटायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एकही अंडं फुटलं नाही. दर उन्हाळ्यात ती पिवळी पडायची, त्यांना बुरशी धरायची. बापू ती फोडून बघायचे. आत डोळे आलेलं मेलेलं पिल्लू दिसलं, की अंडं भिंतीवर फेकायचे, माठाला लाथ घालायचे, समोर येईल त्याला बडवायचे. मीही मार खाल्लाय. त्या दिवसांत आम्ही पोरं ओसरीकडे फिरकत नसू.

अशाच एका उन्हाळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगातून सरपण काढताना माझ्या अंगठ्याला काहीतरी डसलं. बिसखोपडीचं पिल्लू होतं. आईने हंबरडा फोडला, दगडूबाबा आले, विळा चुलीत गेला. माझे पाय वडिलांनी धरले. लाल झालेला विळा माझ्या पोटाजवळ आला आणि तेवढ्यात बापू अंगणातल्या भिंतीवरून उडी टाकून आले. त्यांनी विळ्याचं पातं सरळ मुठीत धरलं. चर्र आवाज झाला, मांस जळल्याचा वास सुटला, पण त्यांनी मूठ सोडली नाही. दुसऱ्या हाताने दगडूबाबांना असं ढकललं, की म्हातारा उंबऱ्यावर जाऊन पडला. मी जगले. दुसऱ्या दिवशी भाकरी मागून खाल्ली. पिल्लू नुसतं ओरखडलं, दात लागलेच नसतील, असं दगडूबाबा सगळ्यांना सांगत राहिले.

बापूंच्या हाताला मोठी पट्टी बांधली आणि काकू त्यांच्या सेवेत अडकली. माठात नुकतीच घातलेली अंडी कुणी उलटलीच नाहीत. आता शिकलेले लोक सांगतात, की पालीचं अंडं पडलं तसंच राहू द्यायचं असतं, उलटलं की आतला जीव मरतो. तेव्हा कुणाला ठाऊक? त्या वर्षी दोन्ही अंडी फुटली.

बापू पिल्लू घेऊन चावडीवर गेले. दगडूबाबांना समोर बसवलं आणि चांगल्या हाताचं बोट पुढे केलं. पिल्लू चावलं आणि लोंबकळत राहिलं. सारं गाव उन्हात बसून बापूंकडे बघत होतं. दिवस कलला तसे दगडूबाबा मान खाली घालून उठून गेले. मला वाटलं, आता बापू गूळ वाटतील.

ते घरी आले. पिल्लू कुंपणात सोडलं. मग अंगणातल्या पाट्याजवळ बसले आणि जळालेला हात दगडावर आपटायला लागले. पट्टी सुटली, खपल्या उडाल्या, तरी आपटतच राहिले. "मन्हा पोऱ्या जगी जाता," ते म्हणत होते, "पाय मीच धरेल व्हतात." इतकी वर्षं त्या मेलेल्या अंड्यांनी त्यांना, पिल्लाला विष असेलही, अशी थोडी तरी शंका ठेवू दिली होती. आता तीही उरली नाही.

काकूने धावत येऊन त्यांचा हात पदरात घट्ट धरला.

"माले पहिलेपाईन माहीत शे," ती म्हणाली.