‘ताणमुक्त कर्मचारी’

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आमच्या भिंतीवर तिने हौसेनं टांगलेलं ‘ताणमुक्त कर्मचारी’ हे प्रमाणपत्र माझं नाही. ते आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटचं आहे.

सांगलीकडच्या एका मनोरुग्णालयात मी ब्रदर. चाळीस खाटांना दिवसपाळीत आम्ही दोघं, मी आणि साताऱ्याची एक सिस्टर. एका सकाळी वरून फॉर्म आले. कामाचा किती ताण आहे ते लिहून बारापर्यंत द्या. ताण जास्त दिसला तर वॉर्डाला तिसरा माणूस मिळणार होता. सिस्टरला तो हवाच होता. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि माणूस नाही म्हणून रजा मिळेना.

तिने सगळं खरं लिहिलं. माझ्या एका हातात गोळ्यांचा ट्रे, दुसरा हात एका आजोबांनी घट्ट धरून ठेवलेला. तेवढ्यात वडूजकडचे एक निवृत्त हवालदार, आमचेच पेशंट, म्हणाले, “द्या हिकडं. फौजेत लय फॉर्म भरल्यात.”

“भरा.”

“खरं लिवू?”

“लिवा की.”

त्यांनी खरंच लिहिलं. स्वतःचं. मी न वाचता सही ठोकली.

पंधरा दिवसांनी हॉलमध्ये माझा सत्कार. साहेबांनी माइकवर फॉर्म वाचला, “झोप उत्तम. जेवण वेळेवर. सगळे प्रेमाने वागतात. घरी जायची अजिबात घाई नाही!” दारात उभे राहून हवालदार सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी नारळ आणि ते प्रमाणपत्र घेतलं.

एवढा सुखी वॉर्ड, तिसरा माणूस कशाला, असं साहेब म्हणाले. रजा गेली. सिस्टर लेकीजवळ पोचली तेव्हा नातू चार दिवसांचा झाला होता.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. उलट विचारते कशी, “आवं ब्रदर, काम आपलं एकच. मग तुमाला ताण कसा न्हाई? खाता तरी काय?”

काहीतरी सांगायचं म्हणून म्हणालो, “सकाळी उलटं चालतो.”

दुसऱ्या दिवसापासून ती क्वार्टरमागच्या मैदानात उलटी चालायला लागली. आठवड्यात आणखी दोघी तिच्या मागे, म्हणजे पुढे. एकदा पाण्याच्या टाकीवर धडकली. कंबर चोळत म्हणाली, “पण लय हलकं वाटतंय बघा.”

हवालदार बरे होऊन गावी गेले. ती अजून चालते. नातवाचे ते चार दिवस मला परत देता येणार नाहीत. तिला खरं सांगणं आणि तिची माफी मागणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे.