गोरे झालेले जिवाणू

मी एका जिवाला खायला घालून घालून कामातून घालवलं. एका म्हणजे कोट्यवधी. पण सगळे एकाच चिखलातून आलेले, म्हणून एकच धरते.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि माझ्याइतकं शहाणं पुण्यात कुणी नाही अशी माझी खात्री होती. एका प्रयोगशाळेत समुद्री जिवाणू सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पुण्याला समुद्र नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आमचे साहेब ते विसरू देत नसत. कोकणातून एसटीने खाऱ्या पाण्याचे दोन कॅन घेऊन मी धापा टाकत दारात पोचले, की ते चष्म्यावरून बघत. "आलात? बाई, भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या दारावर लावून ठेवा. आम्हाला यायला-जायला बरं."

तिकडच्याच एका मिठागराच्या चिखलात मला तो जिवाणू सापडला. समुद्राच्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं असतं, पण इतकं थोडं, की माणसाने गाळून काढायचं म्हटलं तर जन्म जाईल. हा पठ्ठ्या ते ओढून घ्यायचा आणि स्वतःभोवती तपकिरी कवच करायचा. त्या कवचाला पाण्यातला कोबाल्टही येऊन चिकटायचा. प्लेटवर त्याचे ठिपके टेबलक्लॉथवरच्या चहाच्या डागांसारखे दिसत. मी तासन् तास बघत बसे. नवऱ्याकडे इतकं बघितलं नसेल.

एकच खोड होती. त्याला नुसतं खारं, खायला जवळजवळ काही नसलेलं पाणीच लागे, आणि त्यावर तो तीन आठवड्यांत जेमतेम चार ठिपके वाढे. अशात बाहेरगावचे मोठे पाहुणे तपासणीला येणार असं ठरलं. चार ठिपके दाखवायचे? आमच्या विदुषीने, म्हणजे मीच, इरकल साडी काढली आणि जिवाणूंना मेजवानी दिली. मांसाचा अर्क, यीस्टची पूड, वर चिमूटभर साखर. घरी सासूबाईंसमोर अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि इथे मी चमच्याने मांसाचा अर्क मोजत होते. दोन दिवसांत प्लेटा भरगच्च. पाहुणे म्हणाले, "वा! काय वाढ आहे!"

झालं. त्या एका 'वा'वर मी पुढची कित्येक वर्षं काढली. त्यांना परत उपाशी ठेवलंच नाही. दर महिन्याला नवी नळी, नवं जेवण, आणि वहीत नोंद. आयतं ताटात पडत असेल तर पाण्यातला धातू वेचत कोण बसेल? तो गुण पिढ्यान् पिढ्या गळत गेला, आणि जिवाणूंची पिढी म्हणजे तासाभराचा मामला. मला कळलं नाही, कारण तो अर्क मुळातच चहाच्या रंगाचा. त्यात कोण तपकिरी आणि कोण नाही, हे कळायला मुद्दाम बघावं लागतं.

चिखलातून काढलेल्या अगदी पहिल्या चार नळ्या मात्र तेलाच्या थराखाली जपून ठेवल्या होत्या. त्यांना मी जेवू घातलं नव्हतं. पण आमच्याकडे खंडेनवमीला उपकरणांची पूजा असे. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, तराजूला कुंकू. आदल्या दिवशी साफसफाई. एके वर्षी त्या धूळ खाल्लेल्या चार नळ्या मी माझ्या हातांनी वाफेच्या भांड्यात टाकल्या, घासल्या, पालथ्या घातल्या. फळी काय लख्ख दिसत होती! साहेबांनीसुद्धा मान डोलावली.

या सगळ्यावर मी एरवी हसलेच असते. पण माझी नात त्याच विषयात शिकली. बॅटऱ्यांसाठी सगळ्यांना कोबाल्ट हवा, म्हणून समुद्राच्या पाण्यातून तो जिवाणूंकडून काढून घ्यायचा, असं तिच्या मनाने घेतलं. तिने मला विचारलं, "आजी, तुझा तो जिवाणू खरंच कोबाल्ट धरायचा?"

"धरायचा? अगं, मिठी मारायचा मिठी!"

या एका वाक्यावर तिने पीएचडीचा विषय नोंदवला. जुन्या प्रयोगशाळेत, निवृत्त होताना मी सुकवून बंद केलेल्या त्याच्या नळ्या अजून होत्या. ओळख काढून त्या मीच तिला मिळवून दिल्या, आणि सोसायटीच्या बाकावर बसून चार जणींना ते सांगितलंही.

ती रोज मला मोबाईलवर प्लेटांचे फोटो पाठवायची. ठिपके पांढरे. मी चष्मा पुसून बघायची, पांढरेच. पहिल्यांदा ती हसली. "आजी, पुण्याची हवा मानवलेली दिसते. सगळे गोरे झालेत!" मग तिने त्यांना खाऱ्या पाण्यावर उपाशी ठेवून पाहिलं. ते मेले. एकेक करून सगळ्या नळ्या फोडल्या. नऊ महिने गेले. फोटोंच्या खाली ती आता काही लिहीत नसे.

मग ती मिठागर शोधायला कोकणात गेली. त्यावर मुरूम टाकलेला होता, प्लॉटच्या फक्कीच्या रेषा मारलेल्या. शेजारच्या किनाऱ्यावरचा चिखल तिने आणला, महिनाभर जोजवला. त्यातून तपकिरी काही आलं नाही. तिच्या मार्गदर्शक बाईंनी वाट पाहिली तेवढी पाहिली आणि तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली. समुद्रात असे जिवाणू आणखी असतील, नाही असं नाही. तिच्या हाताला लागण्यासारखा एकच होता, आणि तो माझ्या फळीवर होता.

आता ती वाघोलीच्या पुढे बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात जाते. पाण्यात एकही जिवाणू जिवंत नाही, अशी खात्री करून सही करायची, हे तिचं काम. त्या बत्तीस वर्षांच्या बाईची मी कितीही टिंगल केली, तरी एक ठिपका तपकिरी होत नाही. रात्रंदिवस टिंगल करून पाहिली आहे.

कामावर जायच्या पहिल्या सकाळी मी तिच्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. तिने त्या काढून ताटलीत ठेवल्या. मग माझी जुनी नोंदवही, जी ती इतके महिने घेऊन बसली होती, माझ्यापुढे उघडून ठेवली. 'वाढ' या रकान्यात महिन्यामागून महिना माझं वळणदार अक्षर: उत्तम, उत्तम, उत्तम. 'रंग' या रकान्यात पहिल्या ओळीला 'तपकिरी', आणि त्याखाली पानंच्या पानं नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण.

चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "आजी, एकही महिना चुकवला नाहीस तू. एकदा नळीकडे बघून लिहिलं असतंस ना."