चौकोनांमागचा आवाज

“माझा नवरा चोरला हो त्या मेल्यानं!”

दतिया गेटजवळच्या आमच्या पोलीस चौकीत त्या बाई अशा ओरडल्या की किल्ल्यावरची तोफ लाजावी. तो आवाज माझ्या कानातून अजून उतरलेला नाही. चौकीतली लिखापढी करणाऱ्या मुंशीजींना मराठीतलं ‘चोरला’ तेवढं कळलं आणि त्यांनी थेट अपहरणाची तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, लिहायला घेतली. मग मला बोलावणं आलं. मराठी जाणणारा चौकीत मी एकटाच. सगळ्या बुंदेलखंडात एकटा म्हणालात तरी माझी हरकत नाही.

मी बाईंना बसवून पाणी दिलं. पाण्याचा घोट उतरला की माणूस मुद्द्यावर येतो. बाई प्रेम नगर वस्तीतल्या. यजमान वर्षापूर्वी वारलेले. नातीला मराठी समजायची, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची, म्हणून आजोबांनी घरातले जुने शब्द एकेक करून आपल्या आवाजात कंप्युटरवर भरून ठेवले होते. कंप्युटर बंद पडला म्हणून दुरुस्तीला दिला. परत आला तेव्हा त्यात फोटो होते, आवाज नव्हता.

“कंप्युटर तर चालतोय,” मी म्हणालो.

“मग तो तुम्हीच ठेवा. मला यांचा आवाज द्या.”

दुकानदाराला आणला. चाळिशीचा, चष्मेवाला. माझी चौकशीची पद्धत जिल्ह्यात प्रसिद्ध होती: काही विचारायचं नाही, फक्त मिशी कुरवाळायची. तिसऱ्या कुरवाळीला त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

कंप्युटर स्वतःहून सुरू होईना की तो या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं आणि आतला माल बाहेर काढायचा, हे त्याचं काम. त्यावरची छोटी सिस्टीम त्यानं स्वतः कातरून बनवली होती. लवकर सुरू व्हावी म्हणून आवाजाची सोय काढली, छपाईची काढली, इंग्रजी सोडून बाकीचे फॉन्ट काढले. इतकी हलकी की फुंकर मारली तर दूरच्या बबीना गावाला पोचावी. बाईंच्या कंप्युटरमध्ये एका फोल्डरात नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले. त्यानं ठरवलं, व्हायरस. ते सोडून बाकीचं उतरवून घेतलं आणि खराब डिस्क काढून नवी बसवली.

चौकोन म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलोच. वरून हिंदी परिपत्रक आलं आणि फॉन्ट नसला की आमच्या कंप्युटरवरही असेच चौकोन यायचे. मुंशीजी तेव्हा व्हायरसला नव्हे, फॉन्टला शिव्या द्यायचे.

जुनी डिस्क भंगाराच्या गोणीत गेली होती. चिरगावचा भंगारवाला त्याच दिवशी येणार होता. गोणी जप्त केली. चार शिपायांनी उचलली असं मी सांगतो, खरं तर दोघांनी. दुकानदारानं आपल्या सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट घातला, पेन ड्राइव्ह नव्यानं बनवला आणि एकेक डिस्क लावून पाहू लागला. बाई पदराचं टोक मुठीत धरून समोर बसल्या होत्या. गोणी जवळजवळ रिकामी झाली, तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: फडताळ. परवचा. घंगाळ.

आई गेल्यापासून हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

त्या सिस्टीमला आवाज नव्हता, म्हणून फाईल चौकीच्या कंप्युटरवर घेऊन लावली. खोकला, मग एक म्हातारा सावकाश बोलू लागला, “घंगाळ. आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं मोठं भांडं. आपलं होतं, तुझ्या आजीनं विकलं.”

“विकलं कुठं? माळ्यावर आहे,” बाई कंप्युटरला म्हणाल्या, आणि उत्तराची वाट पाहत राहिल्या.

तहरीर त्यांनी मागे घेतली. वाचता येत नाही म्हणून कचरा ठरवलेलं पुन्हा एकदा बघावं, हे मी तिथं शिकलो. त्यानंतर माणसांच्या बाबतीतही ते कामी आलं. माझा मुलगा फोनवर “जी पापा” म्हणतो, तेव्हा माझ्याजवळ तसा एकही फोल्डर नाही याची चुटपुट लागते.

दुकानदार जायला निघाला तेव्हा त्याला मी दरडावून विचारलं, आपली अक्षरं काढून टाकावीत असं वाटलंच कसं?

तो चष्मा पुसत म्हणाला, “साहब, यहाँ फाइल का नाम अपनी भाषा में कोई रखता ही नहीं।”