परबबाई आणि काळी स्क्रीन

परबबाईंसमोर ‘सोपं आहे’ म्हणायची सोय नव्हती. मी पहिल्याच रविवारी म्हणालो आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “सोप्पा? कोणाक सोप्पा?” चिडल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची, आणि बहुतेक वेळ त्या चिडलेल्याच असत.

लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावर, त्या बायकांसाठी टायपिंगचा क्लास चालवत. ब्याऐंशीच्या गिरणी संपाआधी परळच्या एका गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. संप फिसकटला, गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली. बाई कामावर गेल्या तर गेटवरच्या बाबूने सांगितलं, “नवीन मशिनी आल्यात. तुम्हाला नाही जमणार.” वीस वर्षांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. “एकदा दाखवून तरी बघायचं होतं त्याने.”

पुढे टाइपरायटर शिकून कोणाला नोकरी मिळेना. बाईंनी एका ऑफिसने मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर मिळवले. मी तेव्हा प्रभादेवीला राहायचो, दादरला एका कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात होतो. ओळखीतून मला बोलावणं आलं. कॉम्प्युटर चालवणाऱ्या विकतच्या प्रोग्रामची चोरीची सीडी बाईंना चालणार नव्हती, म्हणून मी त्याऐवजी फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या सीड्या नेल्या.

लिनक्स चढलं, पण समोर आली नुसती काळी स्क्रीन आणि पांढरी इंग्रजी अक्षरं. बाईंना हवा होता डेस्कटॉप, म्हणजे चित्रं, खिडक्या, माउसचा बाण, आणि तेही मराठीत. तो वेगळा बसवावा लागायचा. बसवायला गेलो तर प्रोग्रामचं एक पॅकेज म्हणे आधी दुसरं आणा, दुसरं म्हणे तिसरं आणा, आणि तिसरं माझ्या सीड्यांवरच नव्हतं. पुढच्या रविवारी तेही नेलं. सगळं बसलं. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि परत काळी झाली. खाली ओळ उमटली, स्क्रीन सापडली नाही.

“मग ह्यो समोर ठेवलाय तो काय, पाट?” बाई म्हणाल्या.

मी इंटरनेटवर जाणकारांना विचारलं. एकाने उत्तर दिलं की माहिती लिहून ठेवलेली आहे, आधी ती वाचा, अगदी सोपं आहे. ते मी बाईंना वाचून दाखवलं, हीच चूक झाली. त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. “हा त्या गेटवरच्याचाच भाऊ,” म्हणाल्या. “ज्यांना येतं त्यांना दुसऱ्याला येऊ नये असंच वाटतं.” मलाही राग आला होता, पण त्या बोलताना माझ्याकडेही बघत होत्या.

शेवटी मॉनिटरच्या मागच्या पट्टीवरचे, त्याच्या वेगाचे दोन आकडे एका फाइलमध्ये लिहिले आणि डेस्कटॉप उघडला. मराठीच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट घातला तेव्हा कुठे अक्षरं आली. मी खूश होऊन दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळलो.

“हात मांडीवर ठेव,” बाई म्हणाल्या. “हे मी करणार. तू गेलास की बिघडणार, मग मी कोणाच्या गेटवर उभी राहू?”

त्यांना पाच रविवार लागले. त्या टेबलावर हात आपटत, प्रोग्राम लिहिणाऱ्याला शिव्या देत, आणि आलेली प्रत्येक चूक वहीत मराठीत उतरवत. चौथ्या रविवारी मला राहवलं नाही आणि मी मध्येच एक बटण दाबलं. बाईंनी शांतपणे कॉम्प्युटर बंद केला आणि पहिल्या सीडीपासून पुन्हा सुरुवात केली.

पाचव्या रविवारी डेस्कटॉप उघडला. बाई हसल्याबिसल्या नाहीत. वही मिटली आणि म्हणाल्या, “आता तू नाही आलास तरी चालेल.”

ते मला लागलं. एवढे रविवार घालवून हे ऐकायचं, असं मनात धरून मी तिकडे जाणंच सोडलं. महिने गेले, मग वर्ष गेलं. बाई गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं.

भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी सुनंदा दारात उभी होती. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं.

“आई तुमच्यावर फार चिडली होती,” ती म्हणाली. “म्हणायची, नाही आलास तरी चालेल म्हटलं, येऊ नको कुठे म्हटलं?”