भिंतीपलीकडचा सिनेमा

१४ जून २००८ रोजी मी आठशे पंचाहत्तर रुपयांचे व्हाउचर केले. मे महिन्याच्या पाच शब्दकोड्यांचे मानधन, दर कोड्यास एकशे पंचाहत्तर. आमच्या साप्ताहिकाच्या हिशेब विभागात मला तीस वर्षे झाली. त्यातली बारा वर्षे हे व्हाउचर माझ्याच हातून होत आले आहे.

पैसे घ्यायला कोडी रचणाऱ्या बुकिंगताई स्वतः यायच्या. आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी टॉकीज होती. तिच्या तिकीटखिडकीवर त्या सत्तावीस वर्षे बसल्या, म्हणून हे नाव. सडपातळ बांधा, चष्म्याला दोरी, वय सदुसष्ट. नोटा घेतल्या की आधी सगळ्यांची तोंडे एका बाजूला करायच्या, मग अंगठ्याने मोजायच्या. मी तीस वर्षे पैसे मोजतोय, पण त्या वेगापुढे मी शिकाऊ.

टॉकीज बंद पडली आणि तिथे फर्निचरचे दुकान आले. टॉकीजच्या जाहिरातीचे शेवटचे बिल चुकते करायला ताई आमच्याकडे आल्या, तेव्हा संपादक कुणाशी तरी जुन्या गाण्याच्या संगीतकारावरून वाद घालत होते. ताईंनी उभ्या उभ्या संगीतकार सांगितला, गाण्यात किती कडवी होती तेही सांगितले, आणि सिनेमा किती आठवडे चालला हे न विचारताच सांगितले. पुढच्याच आठवड्यापासून जुन्या सिनेमांचे कोडे सुरू झाले. खाली नाव ‘जुना प्रेक्षक’. ते संपादकांनी ठेवले. ताई तेव्हा म्हणाल्या होत्या, “दुसरं काही बघा ना.” कुणी मनावर घेतले नाही.

कोडे ताई टॉकीजच्या उरलेल्या तक्त्यांवर आखायच्या. ज्या कागदावर खुर्च्यांचे चौकोन छापलेले असतात आणि विकलेली खुर्ची पेन्सिलीने काळी करतात, तो तक्ता. टॉकीज बंद झाली तेव्हा दोन गठ्ठे त्यांनी मालकाला सांगून घरी आणले होते. त्यातले अकरा बाय अकरा चौकोन घ्यायचे आणि नको ते काळे करायचे. “हात बसलेला आहे,” म्हणायच्या. गुरुवारी सकाळी साडेदहाला कोडे माझ्या टेबलावर. मी चौकोन मोजायचो, सूचना मोजायचो, उत्तराचे पाकीट कपाटात ठेवायचो. मजकुरात मी डोके घालत नसे. ते माझे खाते नव्हे.

१४ तारखेच्याच अंकात कोडे क्रमांक ६१९ चे उत्तर छापून आले होते. सोमवारी टपाल फोडले आणि एकामागून एक पत्रे तेच सांगू लागली. सूचना होती, एका गाजलेल्या सिनेमात नायिका पहाटेचे गाणे म्हणते, ते कुठे, दोन अक्षरे. ताईंचे उत्तर होते ‘होडी’. उभा शब्द सोडवला की पहिल्या चौकोनात ‘हो’ येत होते, म्हणून होडीच बसत होती. पण सिनेमा पाहिलेल्यांचे म्हणणे असे की ती बाई लाँड्रीत कपडे धूत असते. होडी अख्ख्या सिनेमात नाही.

घरी जेवताना बायकोला विचारले.

“लाँड्रीच ती. आपण दोघं गेलो होतो, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात.”

“मला होडी आठवते.”

“तुम्हाला काय आठवणार? पार्किंगवाल्याने पैसे जास्त घेतले म्हणून तुम्ही सिनेमाभर कुरकुरत होतात.”

दुसऱ्या दिवशी संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि ताईंकडे पाठवले. ताई दुसऱ्या मजल्यावर, मुलगा-सुनेबरोबर राहायच्या. खिडकीशी टेबल, त्यावर तक्ते, पट्टी, टोक केलेल्या चार पेन्सिली. त्यांनी एकेक पत्र वाचले, पुन्हा घडी घालून एकावर एक ठेवले.

“भाऊ, मी हा सिनेमा पाहिलेला नाही,” त्या म्हणाल्या.

“एखादा राहून जातो, ताई.”

“एखादा नाही. कुठलाच पाहिलेला नाही.”

सून चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. “आई, काय सांगताय?”

मग ताईंनी सांगितले. खेळ सुरू झाला तरी वीस मिनिटे उशिरा येणाऱ्यांना तिकिटे द्यायची. मग तिन्ही वर्गांचा हिशेब, कराचे पत्रक, आणि तेवढ्यात पुढच्या खेळाची रांग. मालकाचा एकच नियम, गल्ला सोडून उठायचे नाही. बुकिंगच्या खोलीची मागची भिंत पडद्याच्या बाजूची. चार खेळ, सगळे त्या भिंतीतून ऐकू यायचे. गाणी, संवाद, मारामारी, रडारड. चार आठवडे चाललेला सिनेमा त्यांनी जवळजवळ शंभर वेळा ऐकला होता, एकदाही पाहिला नव्हता.

“आणि पास मिळायचे ते?” सुनेने विचारले.

“तुझ्या आजेसासूबाई जायच्या. गार हवेत झोपून यायच्या. कथा विचारली की म्हणायच्या, बरा होता, शेवटी सगळे एकत्र आले.”

“पण सुट्टीच्या दिवशी तरी जायचंत.”

“सुट्टीच्या दिवशी कामाच्या जागी कोण पाय ठेवतं गं? तू जातेस का ऑफिसात?”

मी विचारले, “मग होडी कुठून आली?”

ताईंनी टेबलावर तळहात आपटला, थांबल्या, मग ओठांनी पाणी सरकल्याचा आवाज काढला. पुन्हा तसेच. “थप्, आणि पाणी. थप्, आणि पाणी. वल्ह्याशिवाय दुसरं काय असेल? मी तिला तीस वर्षं त्या होडीत बसवलीय, भाऊ. पहाटेचं धुकं होतं. समोर काठावर कंदील होता.”

बारा वर्षांची कोडी डोळ्यांसमोरून गेली. कोण गायले, कोणते वाद्य वाजले, शेवटचा संवाद काय, किती आठवडे चालला. साडीचा रंग त्यांनी कधी विचारला नव्हता. माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

“चूक माझी म्हणून छापा,” ताई म्हणाल्या. “आणि का झाली तेही छापा. ‘जुना प्रेक्षक’ हे नाव काढा. नाहीतर या गुरुवारी कोडं येणार नाही.”

त्यांनी हे शांतपणे सांगितले, पण जिना उतरताना सून माझ्या मागून आली. “काका, कोडं बंद होऊ देऊ नका. टॉकीज बंद झाली तेव्हा आई पाच महिने त्या खिडकीशी बसून होत्या. नुसत्या रस्त्याकडे बघत. कोडं मिळालं आणि माणसात आल्या.”

संपादकांना मी जसेच्या तसे सांगितले. ते डोक्याला हात लावून बसले.

“अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. छापखान्याची चूक म्हणून टाकू दोन ओळी. बाईंनी सिनेमेच पाहिले नाहीत हे छापलं तर लोक म्हणतील बारा वर्षं आम्हाला बनवलं. मग कोडं तसंही बंदच करावं लागेल.”

“आणि नाही छापलं तर त्या बंद करतील.”

“म्हणजे दोन्हीकडून मरण माझंच.”

“साहेब, वहीत चूक झाली तर आम्ही खोडत नाही. खाली दुरुस्तीची नोंद करतो आणि सही करतो. खोडलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही.”

“तुम्ही निवृत्त व्हा लवकर,” ते म्हणाले, आणि कोरा कागद पुढे ओढला.

मजकूर मात्र ताईंनीच लिहून दिला. सात ओळी. “कोडे क्रमांक ६१९ मध्ये माझी चूक झाली. ते ठिकाण लाँड्री आहे. मी सत्तावीस वर्षे टॉकीजची तिकिटे विकली आणि सिनेमे भिंतीपलीकडून ऐकले. ऐकलेले मला पक्के ठाऊक आहे. पाहिलेले वाचकांना ठाऊक आहे. यापुढे मी ऐकलेलेच विचारीन.” खाली ‘बुकिंगवाली’.

पुढच्या आठवड्याचे टपाल मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी येऊन फोडले. कोड्याच्या प्रवेशिका एकशे एकोणनव्वद आल्या, आदल्या आठवड्यापेक्षा तेवीस कमी. संपादक नुसते “हं” म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनशे सोळा. पत्रे नऊ. एकाने फसवणूक म्हटले होते आणि अंक घेणे बंद केले होते. एका गृहस्थांनी लिहिले होते की त्यांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली, नात सूचना वाचते, आणि ही कोडी आपल्याला इतकी सोपी का जातात याचे त्यांना नवल वाटायचे. ते पत्र संपादकांनी दोनदा वाचले. “चालू ठेवा,” म्हणाले. “आणि दर दोनशे करा.”

मी दर दोनशे केला. ताईंनी नोटांची तोंडे एका बाजूला केली, मोजल्या आणि विचारले, “वाढ कशाची? चुकीची?”

“कबुलीची.”

“मग वर्षातून दोनदा चुकायला हरकत नाही.”

सुनेने तो सिनेमा घरी आणला. ताई पडद्याकडे पाठ करून गवार निवडत बसल्या. गाणे आले तेव्हा वळल्या आणि कडवे संपेपर्यंत पाहिले. शेवटी म्हणाल्या, “चांगलं केलंय. माझी होडी जास्त चांगली होती.” आणि पुन्हा पाठ फिरवली. हे मला सुनेने सांगितले. त्या आठवड्याचे कोडेही नेहमीसारखे गुरुवारी साडेदहाला माझ्या टेबलावर होते.

एक काम माझ्याकडे राहिले. ६१९ ला लाँड्री बसेना म्हणून तेवीस जणांनी होडीचा दुसरा चौकोन कोरा सोडून बाकी सगळे बरोबर सोडवले होते. ताईंच्या आग्रहावरून त्यांच्यात वेगळी चिठ्ठी काढली. बक्षीस दीडशे रुपये. ज्यांचे नाव निघाले त्यांच्या कार्डावर पत्ता एवढाच होता: पोस्टामागे, वरचा मजला. मनीऑर्डर दोनदा परत आली. ते दीडशे रुपये अजून देणे आहेत.