प्रोसेसर कुणी बसवला?

‘आधी हात धू. साबणानं. कोपरापर्यंत.’

मालक हे माझ्याकडे बघून म्हणाले. ऑफिसच्या खोलीत आम्ही पाचसहा जण होतो. मालकांचा भाचा नुकताच भजी खाऊन आला होता आणि बोटं पॅन्टला पुसत होता. पुजारीबुवा तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. धुवायचे होते ते माझेच हात.

मी शेडमागच्या नळावर गेलो आणि धुतले. याच हातांनी मी ऑफिसातला संगणक रोज चालवत होतो. रोज तो बाटत नव्हता. त्या दिवशी खंडेनवमी होती. सणासुदीला यंत्रांनाही जात कळत असावी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलांचा तो कारखाना. माझा बाप तिथं मागावर, मी ऑफिसात डिझाइनच्या खुर्चीवर. चादरीवर मोर, कमळं, देवळाची शिखरं दिसतात ना, ती आधी संगणकावर एकेक चौकोन भरून काढावी लागतात. ते माझं काम. आमच्या दलित वस्तीतून त्या खुर्चीवर बसलेला मी पहिला. पाणी मात्र घरून बाटलीत न्यायचो. ऑफिसात माठ होता. तो तुझ्यासाठी नाही, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

मोठं डिझाइन उघडलं की संगणक अडकायचा. मालकांनी ठरवलं, नवा प्रोसेसर घालायचा. पुण्याला इंजिनिअर झालेला भाचा तो घेऊन आला. डबी सगळ्यांना दाखवून झाली. मी म्हणालो, आपल्या मदरबोर्डवर हा चालतो का, ते आधी बघायला पाहिजे.

‘अरे, सॉकेट तोच आहे,’ भाचा म्हणाला. ‘बसतो म्हणजे चालतो.’

‘बसेल. पण बोर्ड जुना आहे. त्याचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, जुनं असलं तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. ते अपडेट करावं लागतं. तेही जमत नसेल तर बोर्डच दुसरा घ्यावा लागतो.’

‘तू फुलं काढ रे. मशीनचं मी बघतो.’

मालक हसले. मग सगळे हसले. तिथं हसण्याचाही क्रम ठरलेला होता.

यात माझी काही विद्वत्ता नव्हती. मोबाइलवर शोधलं तर शाळकरी पोरालाही सापडेल अशी गोष्ट. पण सांगणारा कोण, यावर ती खरी की खोटी हे ठरत होतं.

खंडेनवमीला माग बंद असतात. पुसून, तेल देऊन त्यांना झेंडूचे हार घालतात, उसाची कांडकी बांधतात. मालकांच्या डोक्यात आलं की नवा प्रोसेसर याच मुहूर्तावर बसवायचा. संगणकाचं झाकण काढून तो पाटावर ठेवला. आणि अचानक मला म्हणाले, ‘तूच बसव. खुर्ची तुझी, मान तुझा.’

मला मान मिळाला की मी आधी दार कुठं आहे ते बघून ठेवतो. मशीनचं बघणारा भाचा समोर उभा होता. मग आजच हा मान माझ्याकडे का?

हात धुऊन आलो. डबी उघडली. तिचं सील आधीच कापलेलं होतं. प्रोसेसर उचलला तर त्याच्या पाठीवर, अगदी कडेला, करडी चिकट रेघ. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये पेस्ट लावतात, ती. कोऱ्या प्रोसेसरवर ती नसते. म्हणजे कुणीतरी हा आधी बसवला होता, काढला होता आणि घाईनं पुसून परत डबीत ठेवला होता.

‘हा आधी लावून बघितला का?’ मी विचारलं.

‘मुहूर्त चाललाय,’ भाचा म्हणाला. तो मोबाइलवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढत होता.

मी बसवला. पंखा लावला. लगेच मालक म्हणाले, ‘आता जरा बाहेर थांब. आरती आहे.’

मी उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ. आत हळद-कुंकू, घंटा, कापूर. बटण मालकांनी दाबलं. पंखे फिरले. टाळ्या झाल्या. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच.

टाळ्या थांबल्या.

‘कुणी बसवला?’ मालकांनी विचारलं.

सगळ्यांना माहीत होतं. तरी विचारलं. सगळी तोंडं उंबऱ्याकडे वळली.

‘मी तर हातही लावला नाही,’ भाचा म्हणाला. ‘व्हिडिओ आहे.’

‘हात लागायलाच नको होता,’ पुजारीबुवा पुटपुटले.

तोवर शेडमधले कामगार दाराशी जमले होते. मालकांनी कुणाकरवी तरी माझ्या हातात नारळ दिला. ‘माझ्याकडनं झालं म्हण. हा देवापुढं फोड. विषय संपला. मी मोठ्या मनाचा माणूस आहे.’

आपलं मन मोठं असल्याचं ज्याला स्वतः सांगावं लागतं, त्याच्यापासून मी सावध असतो.

‘पाठीवर जुनी पेस्ट होती,’ मी म्हणालो. ‘आधी कुणी बसवला होता, ते विचारा.’

‘मी तुला विचारतोय.’

मग त्यांनी माझ्या बापाला पुढं बोलावलं. माझा बाप त्यांच्यापेक्षा वयानं मोठा. ‘काय रे, पोराला अक्कल शिकव जरा.’

बाप टोपी हातात घेऊन आला. माझ्याजवळ उभा राहिला. हळू म्हणाला, ‘म्हन की बाबा. एक शबुद तर हाय. तोंड झिजतंय व्हय तुजं?’

‘आबा, मी काही केलेलं नाही.’

‘म्हाईत हाय मला. तरी म्हन.’

मालकांचा मला रागच आला होता. जाग आली ती बापाच्या या वाक्यानं. माहीत आहे, तरी म्हण. तो आयुष्यभर हेच करत आला होता. दोरा तुटला, माझी चूक. सूतच कच्चं आलं, माझी चूक. वीज गेली तरी मान खाली. आणि आता तो मला तेच शिकवत होता. प्रेमानं. मी उपाशी राहू नये म्हणून.

‘नाही म्हणणार,’ मी म्हणालो. नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि निघालो. कुणी अडवलं नाही. मागनं फक्त भाच्याचा आवाज आला, ‘माज बघा.’

माझी खुर्ची गेली. बापाचे माग काढून घेतले आणि त्याला गठ्ठे बांधायला बसवलं. त्या वयात, पाठ वाकवून. त्यांनी नंतर बोर्ड बदलला की नाही, मला माहीत नाही. भाच्याला तो प्रोसेसर चालत नाही हे आधीच कळलं होतं आणि मामापुढं उघडं पडू नये म्हणून त्यानंच मामाला सांगून मला पुढं केलं, असं मी मानतो. पुरावा नाही. संशय आहे. आमच्या घरात जमीनजुमला नाही, वारशात एवढंच आलंय.

एकदा जेवताना बाप ताटाकडे बघतच म्हणाला, ‘तुजं खरं हुतं. पन खरं खाता येत न्हाय.’

मी आता घरी बसून तीनचार छोट्या कारखान्यांची डिझाइनं काढतो. काम कधी असतं, कधी नसतं. त्यानं बापाचं म्हणणं खोटं ठरत नाही.

पण एक ठरलंय. मी जे केलं नाही, ते माझ्या तोंडून कुणी वदवून घेणार नाही. देवापुढं नाही, मालकापुढं नाही, बाप मध्ये उभा केला तरी नाही. आणि उद्या माझ्या पोराला कुणी असंच चारचौघांत उभं केलं, तर त्याच्या शेजारी जाऊन ‘म्हण की’ म्हणणारा बाप त्याला मिळणार नाही.